लहान मुलांच्या शब्दांची मराठी यादी : सोलापुरातील कामाच्या नोंदी

५ जून २०२३

आठ ते तीस महिन्यांच्या मराठी मुलांना कोणते शब्द समजतात आणि त्यांपैकी कोणते ती बोलतात, हे घरच्यांना विचारून नोंदवता येईल अशी यादी तयार करण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. मी सोलापुरात वाचा-उपचाराचे काम करते. आमच्याकडे येणारे मूल बहुधा तीन-साडेतीन वर्षांचे झालेले असते, कारण ‘अजून बोलत नाही’ ही काळजी घरात वर्ष-दीड वर्ष बोलली गेल्यावरच ते आमच्यापर्यंत पोहोचते. या उशिराची किंमत किती असते हे अनु शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिकेत मोजून दाखवले. जन्मतः बहिऱ्या मुलांच्या कानात शस्त्रक्रियेने यंत्र बसवल्यानंतर आवाजाला मेंदूचा विद्युत्-प्रतिसाद किती वेळात येतो, हे त्यांनी तपासले. साधारण साडेतीन वर्षांच्या आत यंत्र मिळालेल्या मुलांचा प्रतिसाद वयाला साजेसा झाला, तर सात वर्षांनंतर यंत्र मिळालेल्या बहुतेक मुलांचा तसा झाला नाही. म्हणून मूल दोन वर्षांचे होण्याच्या आसपासच, अंगणवाडीच्या पातळीवर, सेविकेच्या हाती देता येईल असे साधन आम्हाला हवे आहे.

पाया म्हणून इंग्रजीतील मॅकआर्थर-बेट्स याद्या घेतल्या आहेत. त्यांतील लहान मुलांच्या यादीत ३९६ शब्द आहेत आणि मोठ्या मुलांच्या यादीत ६८०. पहिलीत ‘समजतो’ आणि ‘समजतो व बोलतो’ असे दोन रकाने असतात. दुसरीत केवळ बोलण्याची नोंद होते. ज्यांना आपल्या बोलीसाठी हेच काम करायचे असेल त्यांनी या याद्यांच्या सल्लागार मंडळाशी पत्रव्यवहार सर्वांत आधी सुरू करावा. मंडळाचा आग्रह भाषांतराचा नसून त्या भाषेतल्या मुलांसाठी यादी नव्याने जुळवण्याचा असतो, आणि तो आग्रह किती योग्य आहे हे पुढच्या कामात पदोपदी दिसेल.

१९ जून २०२३

पहिला मसुदा दोन बाजूंनी बांधला. मूळ यादीतून फक्त गट उचलले: आवाज, प्राणी, वाहने, खाणे, कपडे, अवयव, घरातील वस्तू, माणसे, क्रिया, गुण, प्रश्न, नकार. शब्द मात्र ओळखीच्या घरांतील आया, आज्या आणि मोठ्या बहिणी यांना ‘तुमचं बाळ काय काय म्हणतं’ एवढेच विचारून गोळा केले. मूस जातीचे हरीण, बर्फावरची घसरगाडी आणि बर्फाचा माणूस हे शब्द अर्थातच गळाले आणि त्यांच्या जागी म्हैस, रेडकू, शेळी, करडू, पाल, मुंगी, डास, रिक्षा आणि एसटी आले.

मंमं, दुदू, भूभू, माऊ, चिऊ, काऊ, हम्मा, जोजो, बाऊ, भुर्र हे शब्द यादीत घ्यावेत की नाही यावर आमच्यात बराच वाद झाला. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे होते की हे बोबडे बोल आहेत, ते भाषेतले शब्द नव्हेत. मला ते पटले नाही. मूल कुत्रा दिसला की दर वेळी ‘भूभू’ म्हणत असेल, कुत्रा समोर नसतानाही त्याच्याविषयी सांगायला ‘भूभू’च म्हणत असेल, तर आवाज आणि अर्थ यांची गाठ त्याच्या मनात पक्की बसलेली आहे, आणि आपल्याला तीच मोजायची आहे. अखेर ‘कुत्रा / भूभू’ अशी एकच ओळ केली आणि त्यांतले काहीही म्हटले तरी खूण करावी असे ठरवले.

याच पद्धतीने भाकरी आणि भाकर, पोळी आणि चपाती, आमटी आणि कालवण यांच्या ओळी झाल्या. नात्यांच्या शब्दांनी अधिक वेळ खाल्ला. वडिलांना पप्पा, बाबा, अण्णा, दादा यांपैकी काहीही म्हटले जाते आणि एकत्र कुटुंबात मोठ्या चुलतभावंडांचे ऐकून स्वतःच्या आईलाच ‘काकी’ म्हणणारे मूलही आम्हाला भेटले. त्यामुळे या गटात शब्द न छापता माणसे छापली: आई, वडील, आजी, आजोबा, आत्या, मावशी, मामा. समोर रिकामी जागा ठेवली आणि मूल त्या माणसाला जे म्हणते ते तिथे लिहायचे ठरवले.

१० जुलै २०२३

आषाढी २९ जूनला झाली. तोपर्यंत पंढरपूरकडच्या गावांत कोणाकडेही वेळ मागणे शक्य नव्हते, म्हणून पहिली चाचणी शहरातच घेतली.

भरून आलेल्या अर्जांत क्रियापदांचा गट जवळजवळ कोरा होता. दोन वर्षांची, एरवी भरपूर बोलणारी मुलेसुद्धा या गटात शून्यावर होती. कारण शोधायला पुन्हा त्याच घरांत जावे लागले. आम्ही शब्दकोशाच्या सवयीने ‘देणे, घेणे, पडणे, सांडणे’ असे छापले होते. एका आजीने सरळ सांगितले, “आमचा पोरगा ‘देणे’ कशाला म्हणेल? तो ‘दे’ म्हणतो.” मराठी मुलाच्या कानावर क्रियापद येते ते आज्ञेच्या नाहीतर झालेल्या घटनेच्या रूपात, आणि त्याच्या तोंडी पहिल्यांदा तीच रूपे येतात. म्हणून संपूर्ण गट नव्याने लिहिला: दे, घे, ये, चल, बस, पडलं, सांडलं, तुटलं, गेला, आला, संपलं. ‘संपलं’च्या शेजारी ‘सरलं’ही ठेवले, कारण इकडच्या बऱ्याच घरांत तेच म्हणतात. दुसऱ्या फेरीत तीच घरे या गटात खुणांवर खुणा करू लागली.

मुलांच्या पहिल्या शब्दांत सर्वत्र नामेच जास्त असतात की तो त्या त्या भाषेचा परिणाम असतो, हा अभ्यासकांमधला जुना वाद आहे. आमच्या या अनुभवानंतर मला असे प्रामाणिकपणे वाटते की यादी कोणत्या रूपात छापली होती हे पाहिल्याशिवाय अशा तुलनेवर विश्वास ठेवू नये.

३१ जुलै २०२३

अर्ज घरी देऊन आठवड्याने परत घेण्याची पद्धत सोडून दिली. छपाई व झेरॉक्सवर तोपर्यंत साधारण अडीच हजार रुपये गेले होते आणि परत आलेल्या अर्जांपैकी निम्मे पहिल्या पानानंतर कोरे होते. काही घरांत वाचणारे माणूस दिवसभर बाहेर असते, आणि जे माणूस मुलाजवळ असते त्याला अर्ज वाचता येत नाही. यात घरच्यांचा काही दोष नाही. मुलाला सर्वांत जास्त ओळखणाऱ्या माणसापर्यंत प्रश्न पोहोचेल अशी व्यवस्था करणे हे आमचे काम आहे.

शहराच्या पूर्व भागात पुष्कळ बायका घरी विड्या वळतात. त्यांचे हात सुपात गुंतलेले असतात, पण बोलायला त्या मोकळ्या असतात. आता सेविका किंवा आमच्यापैकी कोणीतरी शेजारी बसून यादी मोठ्याने वाचते आणि स्वतः खुणा करते. कारखान्यात विड्या जमा करण्याची वेळ आधी विचारून घ्यावी लागते. त्या घाईत गेल्यास उत्तरे ‘हो, हो’ अशीच येतात. एका मुलाला सुमारे पाऊण तास लागतो. या वेळेत आजी, शेजारीण, मोठी बहीण अशी सगळी मंडळी भर घालतात आणि एकमेकींचे खोडूनही काढतात. सुरुवातीला हा गोंधळ टाळावा असे आम्हाला वाटत होते. आता मी तो मुद्दाम होऊ देते, कारण ‘परवा नळाला पाणी आलं तेव्हा तो पाणी म्हणाला की’ अशी प्रसंगासह आठवण या गप्पांतूनच निघते आणि अशा आठवणीवर केलेली खूण नुसत्या होकारापेक्षा भरवशाची असते.

प्रश्नाची शब्दरचनाही बदलली. ‘तो मांजर म्हणतो का?’ असे विचारले की नाही म्हणतात. ‘मांजर दिसल्यावर काय म्हणतो?’ असे विचारले की ‘माऊ’ हे उत्तर लगेच येते.

२१ ऑगस्ट २०२३

शब्द कशाला म्हणायचे याचे नियम लेखी करावे लागले, कारण दोन सेविकांनी एकाच मुलाच्या भरलेल्या अर्जांत फार मोठा फरक पडत होता.

पहिला नियम उच्चाराचा. मूल ‘लिक्षा’ म्हणते, ‘पोली’ म्हणते, ‘तोपी’ म्हणते आणि आई सांगते की अजून नीट म्हणत नाही, म्हणून खूण करू नका. खूण करायची. र आणि ळ हे वर्ण जिभेला उशिराच साधतात, आणि कानाला कळणे व जिभेला जमणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीन बर्को आणि रॉजर ब्राऊन यांनी १९६० मध्ये नोंदवलेले एक मूल आपल्या खेळण्यातल्या माशाला इंग्रजी ‘फिश’ऐवजी ‘फिस’ म्हणायचे. पण मोठ्यांनी ‘फिस’ म्हटले की नाकारायचे आणि ‘फिश’ म्हटले की होकार द्यायचे. आपल्याकडेही आईने लाडाने ‘पोली हवी?’ म्हटल्यावर रागावणारी मुले दिसतात. ट आणि त यांच्या बाबतीत तर जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ साली दाखवले की हिंदीतील हा फरक इंग्रजी घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांनाही कळतो, आणि वर्षाच्या आसपास तो त्यांना कळेनासा होतो. हिंदी ऐकत वाढणाऱ्या बाळांचा मात्र टिकतो. मराठीतही हा फरक रोज कानावर पडतो. तेव्हा ‘तोपी’ म्हणणाऱ्या मुलाला ‘टोपी’ ऐकू येत नाही असे मानण्याचे कारण नाही.

दुसरा नियम पाठांतराचा. मोबाइलवरची इंग्रजी बालगीते आणि ‘ए फॉर ॲपल’ म्हणून दाखवणारी मुले घरोघरी आहेत, आणि आईवडिलांना त्याचा मनापासून अभिमान असतो. परंतु सफरचंद समोर ठेवल्यावर ते मूल ‘ॲपल’ म्हणत नसेल, मागत नसेल, तर तो शब्द अजून त्याचा झालेला नाही. गाण्याबाहेर, आपल्या गरजेसाठी वापरलेला शब्दच मोजायचा. हे सांगताना घरच्यांना दुखावू नये म्हणून अर्जाच्या शेवटी ‘पाठ असलेली गाणी’ अशी वेगळी ओळ ठेवली आहे. मोबाइलने भाषा येईल का, असे जेव्हा विचारतात तेव्हा मी पॅट्रिशिया कूल यांचा २००३ सालचा प्रयोग सांगते. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांसमोर माणसाने प्रत्यक्ष बसून चिनी भाषेत गोष्टी सांगितल्या, खेळणी दाखवली, तेव्हा त्या भाषेतले ध्वनी ती ओळखू लागली. तीच माणसे, तेच बोलणे पडद्यावर दाखवले तेव्हा काहीच फरक पडला नाही.

१८ सप्टेंबर २०२३

पूर्व भागातील पद्मशाली घरांत तेलुगू बोलतात, गल्लीत आणि अंगणवाडीत मराठी चालते, आणि काही वस्त्यांत कन्नड किंवा उर्दूही कानावर येते. इथल्या मुलांची मराठी यादी भरली तेव्हा त्यांपैकी बरीचशी मुले मागे पडलेली दिसली. त्यांच्याशी खेळताना मात्र असे काहीच जाणवत नव्हते. मूल घरात दुधाला ‘पालु’ म्हणते, पाण्याला ‘नीळ्ळु’ म्हणते आणि अंगणवाडीत ‘बॉल’, ‘बस’, ‘खाऊ’ म्हणते. केवळ मराठी मोजले तर त्याच्या डोक्यातले अर्धेच शब्द कागदावर येतात.

त्यामुळे प्रत्येक ओळीला ‘घरची भाषा’ असा आणखी एक रकाना जोडला. तो भरण्यासाठी तेलुगू येणारी सेविका सोबत असणे आवश्यक ठरले आणि त्या वस्त्यांतले काम जवळजवळ महिनाभर लांबले. आता दोन आकडे काढतो. एक, दोन्ही भाषांतले मिळून एकूण शब्द. दुसरा, किमान एका भाषेत शब्द असलेल्या गोष्टी. ‘पाणी’ आणि ‘नीळ्ळु’ दोन्ही म्हणणाऱ्या मुलाचे पहिल्या हिशेबात दोन शब्द होतात, दुसऱ्या हिशेबात एक गोष्ट होते. उशीर ठरवताना एकट्या मराठीचा आकडा कधीही वापरायचा नाही, हे अर्जाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापले आहे. घरात तेलुगू बोलणे बंद करून फक्त मराठी बोला, असा सल्ला या मुलांच्या आयांना पूर्वी मिळालेला आहे. तो चुकीचा आहे असे मी प्रत्येक घरी स्पष्ट सांगते. आईला जी भाषा सहज येते त्या भाषेतच ती मुलाशी भरपूर आणि जिव्हाळ्याने बोलू शकते.

१६ ऑक्टोबर २०२३

घरचे सांगतात ते कितपत खरे, हे पाहण्यासाठी काही मुलांचे अर्ध्या अर्ध्या तासाचे ध्वनिमुद्रण करून ते अर्जाशी ताडून पाहिले. यात सर्वांत जास्त वेळ वाया गेला.

पहिली बरीचशी मुद्रणे यंत्रमागांच्या आवाजाने निकामी झाली. घराच्या पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत संसार अशी रचना असली की मोबाइलच्या माइकमध्ये मागाची खडखड तेवढी येते. कॉलरला लावायचे छोटे माइक प्रत्येकी ९०० रुपयांना आणले, पण मुले ते तोंडात घालतात. शेवटी झबल्याच्या पाठीला आतून खिसा शिवून त्यात माइक बसवला आणि मुद्रणासाठी मागांच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस धरला. दोन्ही उपाय साधे आहेत; ते आधी सुचले असते तर महिना वाचला असता.

ऐकून लिहून काढण्याचा वेळही कोणी कमी धरू नये. लहान मुलाच्या अर्ध्या तासाच्या बोलण्याला आमच्या सवयीच्या माणसालाही एक पूर्ण दिवस लागतो. लिहिण्यासाठी ब्रायन मॅकव्हिनी आणि कॅथरीन स्नो यांनी १९८४ साली सुरू केलेल्या, मुलांच्या बोलण्याच्या चाइल्ड्स या संग्रहाची लेखनपद्धती वापरली. तिच्यासोबतची संगणकप्रणाली विनामूल्य मिळते आणि देवनागरी मजकूर नीट हाताळते. मात्र प्रत्येकाने एकच टंकपद्धती वापरावी. आमच्यापैकी एकीने जुन्या, युनिकोडपूर्व टंकात लिहिलेली पाने पुन्हा पहिल्यापासून टंकावी लागली.

ताळा पाहून समाधान वाटले. मुद्रणात मुलांनी म्हटलेले बहुतेक शब्द घरच्यांनी अर्जात आधीच सांगितलेले होते. उलट अर्जातले पुष्कळ शब्द मुद्रणात आले नाहीत, आणि ते साहजिकच आहे, कारण अर्ध्या तासात म्हैस, पाऊस आणि आत्या या सगळ्यांचा विषय निघत नाही. आईच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा, एवढे या तुलनेने पक्के झाले.

२७ नोव्हेंबर २०२३

दिवाळीनंतर काम पुन्हा सुरू झाले. या महिन्यात यादीची रचना बदलावी लागली, आणि हेच काम करू पाहणाऱ्यांनी वाचावी अशी सर्वांत महत्त्वाची नोंद हीच आहे.

लेस्ली रेस्कोर्ला यांनी १९८९ मध्ये ३१० शब्दांच्या यादीवरून दोन वर्षांच्या मुलांसाठी एक सोपा निकष मांडला होता: बोलण्यात पन्नासपेक्षा कमी शब्द, किंवा दोन शब्दांची एकही जोडणी नाही. आम्हीही तोच धरला होता आणि मूळ यादीप्रमाणे मोठ्या मुलांसाठी केवळ बोलण्याचा रकाना ठेवला होता. या निकषावर दोन मुले एकाच ठिकाणी आली. दोघेही सव्वादोन वर्षांच्या आसपासचे, दोघांचे शब्द वीसच्या आत. एक मुलगी, एक मुलगा. कागदावर दोघांत काही फरक नव्हता.

सेविकेने मात्र आग्रह धरला की पोरगी वेगळी आहे, तिला सगळं कळतं. मुलाच्या आईचेही त्याच्याविषयी हेच म्हणणे होते. तेव्हा दोघांची समज तपासायची ठरवली. घरचे माणूस ‘चप्पल आण’ म्हणताना नकळत चपलेकडे पाहते, बोट दाखवते, मान वळवते, आणि मूल त्या खुणेवरून काम करते. म्हणून पद्धत अशी ठेवली की सांगणाऱ्याने हात मागे बांधायचे, नजर मुलाच्या चेहऱ्यावर ठेवायची आणि नेहमीची वेळ नसताना सांगायचे. जेवणाच्या वेळी ‘ताट आण’ याला अर्थ नाही. मुलीने चप्पल आणली, आजीची काठी दाखवली, ‘ताईला वाटी दे’ हेही केले. मुलगा प्रत्येक वेळी आईच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला आणि मग हाताला आले ते उचलून दिले.

त्याला ऐकू येते याविषयी घरच्यांच्या मनात शंका नव्हती, कारण माग सुरू झाला की तो दचकून वळायचा. तो बहुधा फरशीतून येणाऱ्या कंपनांमुळे वळत असावा, असे आम्हाला तिथे बसल्यावर वाटले. त्याला जिल्हा शीघ्र निदान केंद्रामार्फत बेरा तपासणीसाठी, म्हणजे आवाजाला येणारा विद्युत्-प्रतिसाद मोजून ऐकू येते का हे पाहणाऱ्या तपासणीसाठी, पाठवले. दोन्ही कानांनी बरेच कमी ऐकू येते असे निदान झाले आणि श्रवणयंत्रांची व्यवस्था सुरू झाली. त्याआधीचे वर्ष ‘बापही उशिराच बोलला होता’ या आश्वासनात आणि जिभेला वेखंड चाटवण्यात गेले होते. त्या कुटुंबाला बोल लावण्यासाठी हे लिहीत नाही. जवळच्या कोणीही त्यांना कान तपासायला सांगितले नव्हते. मूल जन्मल्यावर महिन्याच्या आत श्रवणाची चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार हा जगभर मानला जाणारा क्रम आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून श्रवणदोष आणि भाषेतील उशीर या दोन्हींचा समावेशही आहे. तो क्रम आमच्या गल्लीपर्यंत पोहोचवणे हे काम अजून बाकी आहे.

यानंतर ‘समजतो’ हा रकाना तीस महिन्यांपर्यंतच्या सर्व मुलांसाठी ठेवला. समजणे बोलण्याच्या फार आधी सुरू होते. एलिका बर्गेलसन आणि डॅनियल स्विंगली यांनी २०१२ साली दाखवले की सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही खाण्याच्या पदार्थांची आणि अवयवांची काही नावे कळतात. डेब्रा मिल्स यांच्या मेंदूलहरींच्या अभ्यासात तेरा ते सतरा महिन्यांच्या मुलांच्या मेंदूत ओळखीच्या आणि अनोळखी शब्दांतला फरक दोन्ही अर्धगोलांत पसरलेला दिसला. वीस महिन्यांपर्यंत तो मुख्यतः डाव्या बाजूच्या काही भागांपुरता उरला. शब्दांचा साठा वाढतो तसा मेंदू त्यांच्यासाठी आपली मांडणी बदलतो, आणि यातले बरेचसे मूल फारसे बोलत नसतानाच घडत असते. त्या काळात आत काय चालले आहे याची खिडकी सेविकेला मिळते ती समजण्याच्या रकान्यातूनच.

१८ डिसेंबर २०२३

व्याकरणाचा छोटा भाग जोडला. ‘दोन शब्द जोडतो का’ हा इंग्रजीतला प्रश्न मराठीला अपुरा पडतो. ‘अजून दे’, ‘बाबा गेला’, ‘पाणी नको’ या जोडण्या तर विचारायच्याच. पण ‘आईची’, ‘बाबाला’, ‘घरात’ हेही विचारायचे, कारण इंग्रजीत वेगळ्या शब्दाने दाखवायचे नाते मराठी मूल एका प्रत्ययात दाखवते.

चुकांचा प्रश्न अधिक नाजूक निघाला. आधी ‘केलं’ म्हणणारे मूल काही महिन्यांनी ‘करलं’ म्हणू लागते, तेव्हा घरच्यांना ते मागे गेल्यासारखे वाटते. वास्तविक, ‘बसलं’, ‘पडलं’, ‘उठलं’ यांतला नियम त्याने स्वतः शोधून काढला आहे आणि तो ‘कर’ला लावला आहे. ‘केलं’ पाठ केलेले होते, ‘करलं’ त्याने घडवलेले आहे. अर्जात अशी रूपे आम्ही प्रगतीची खूण म्हणून नोंदवतो. परंतु त्याआधी घरातले मोठे काय म्हणतात ते ऐकणे अत्यावश्यक आहे. आमच्याकडे ‘काय करलालास?’ असे मोठी माणसेच विचारतात, तेव्हा त्या धर्तीवरचे मुलाचे रूप ही चूकही नव्हे आणि शोधही नव्हे. कोल्हापूरकडे यादी तपासून पाहणाऱ्या सहकारी मैत्रिणीने तिथल्या मुलींचे अर्ज पाठवले. त्यांत ‘मी आलो’, ‘मी जातो’ यांपुढे पुण्याहून आलेल्या एका प्रशिक्षणार्थी विद्यार्थिनीने लिंगाच्या चुका म्हणून फुल्या मारल्या होत्या. त्या भागात अनेक बायका आणि मुली स्वतःविषयी असेच बोलतात. मुलीने आपल्या आईची भाषा अचूक उचलली होती. त्या सर्व फुल्या काढून टाकल्या आणि ‘घरात असे बोलतात का?’ हा रकाना व्याकरणाच्या प्रत्येक ओळीला जोडला.

५ फेब्रुवारी २०२४

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेमुळे शहरातले काम थांबले होते. त्या काळात छाटणी केली. जे शब्द अडीच वर्षांच्या जवळजवळ कोणत्याच मुलाने म्हटले नव्हते ते वगळले आणि रिकाम्या जागांत वारंवार लिहून आलेले शब्द यादीत घेतले. ‘चार्जर’ आणि ‘रिचार्ज’ असे आत आले, ‘उखळ’ गेले. यादी आता ३६० ओळींची आहे. आधीच्या अर्जांपैकी काही घरांत दोन आठवड्यांनी तीच यादी दुसऱ्या सेविकेने पुन्हा भरून पाहिली. बोलण्याचे रकाने चांगले जुळले. समजण्याचे रकाने तितके जुळले नाहीत, म्हणून त्या रकान्यासाठी हात मागे बांधून करायच्या सहा सूचना अर्जातच छापल्या. घरच्यांचे सांगणे आणि या सूचनांवरचे मुलाचे वागणे यांत तफावत दिसली तर वागणे ग्राह्य धरायचे.

आतापर्यंतचा खर्च सुमारे ३८ हजार रुपये झाला आहे. त्यात सर्वांत मोठा भाग ऐकून लिहून काढण्याच्या मोबदल्याचा, त्याखालोखाल सेविकांच्या मानधनाचा आणि रिक्षाभाड्याचा. सेविकांना प्रत्येक अर्जामागे १०० रुपये दिले. त्यांच्याकडे आधीच नोंदींची इतकी कामे असतात की हे काम फुकट मागणे अन्यायाचे ठरले असते.

११ मार्च २०२४

ती उशिरा बोलणारी मुलगी तपासणीला पुन्हा आली. शब्द शंभराच्या पुढे गेले आहेत आणि ती तीन शब्दांची वाक्ये जोडते आहे. तिला उपचाराची गरज पडली नाही; आईला रोजच्या कामांत तिच्याशी पाळीपाळीने बोलण्याच्या काही पद्धती दाखवल्या होत्या, तेवढ्याच. मुलगा श्रवणयंत्रे लावतो आहे. सुरुवातीला तो ती काढून फेकत असे. आता दिवसाचा बराच वेळ कानांवर राहतात. त्याच्या समजण्याच्या रकान्यात ‘नाव’, ‘दूध’, ‘ये’, ‘बाय’ यांच्यापुढे खुणा झाल्या आहेत. घरच्यांनी मागाची खोली आणि त्याची खेळण्याची जागा वेगळी केली आहे.

सध्याच्या आवृत्तीत सेविकेसाठी निर्णयाचा क्रम असा छापला आहे. समज चांगली आणि बोलणे कमी असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा यादी भरावी. समजही कमी असेल तर न थांबता, वय कितीही लहान असो, कानाची तपासणी करून घ्यावी. कान वाहत असेल तर यादीची वाट न पाहता डॉक्टरांकडे पाठवावे. येत असलेले शब्द मुलाने बोलणे सोडून दिले, तर त्याच आठवड्यात जिल्हा केंद्रात न्यावे. पुढील काम कन्नड बोलणाऱ्या अक्कलकोटकडच्या घरांतले आहे. ‘घरची भाषा’ हा रकाना भरू शकणाऱ्या दोन सेविका त्यासाठी तयार झाल्या असून पहिले अर्ज एप्रिलच्या उन्हाआधी, सकाळच्या वेळी भरून घ्यायचे ठरले आहे.